टपाल खात्याच्या पैशातून सिनेमा : जॉन ग्रिअर्सन यांची कहाणी

तालुक्याच्या टॉकीजला पिक्चर बघायला गेलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मुख्य पिक्चर लागायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं एक सरकारी चित्रपट दाखवायचे. कुठं धरणाचं काम, कुठं पूर, कुठं भातलावणीची सुधारित पद्धत. निम्मं पब्लिक तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे घेत उभं. जिथं टॉकीज नव्हती, वीजही नव्हती, तिथं प्रचार खात्याची गाडी यायची. चावडीसमोर पडदा बांधला जायचा आणि जागा नाही म्हणून पोरंटोरं पडद्याच्या मागच्या अंगाला बसून उलटा सिनेमा बघायची.

सरकारनं स्वतः सिनेमा काढायचा, खर्च तिजोरीतून करायचा आणि तो खेड्यात नेऊन फुकट दाखवायचा, ही रीत आपल्याकडं इंग्रजी अमदानीत आली. इंग्रजांच्या मुलखात ती बसवली ती प्रामुख्यानं जॉन ग्रिअर्सन या स्कॉटलंडच्या माणसानं. आणि गंमत अशी, की त्यांच्या या कामाला ऐन वेळी आसरा दिला तो टपाल खात्यानं. पोस्टाचा आणि सिनेमाचा काय संबंध, असं कुणीही विचारील. त्या काळात विलायतेतही लोकांनी तेच विचारलं होतं.

जॉन ग्रिअर्सन यांचा जन्म २६ एप्रिल १८९८ चा, स्कॉटलंडमधल्या डीनस्टन या गावचा. वडील शाळामास्तर. जॉन दोन वर्षांचा असताना वडिलांना स्टर्लिंग शहराजवळच्या कँबसबॅरन गावात हेडमास्तरची जागा मिळाली आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आणि कष्टकऱ्यांची वस्ती. आईही शिकवणारी, आणि नुसती शिकवणारी नव्हे, तर मजूर पक्षाच्या सभेत अध्यक्षस्थानी बसणारी, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणारी. खाणकामगारांच्या संपात त्यांच्या घरच्यांसाठी या बाईंनी अन्नछत्र चालवलं. मास्तरांच्या घरातलं पोर म्हणजे अभ्यास आलाच, पण या घरात गरिबाचा प्रश्नही रोज जेवणाच्या ताटाशी यायचा.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जॉन आरमारात तारायंत्रवाला म्हणून भरती झाला. पाण्यातले सुरुंग काढणाऱ्या लहान बोटींवर नेमणूक. तिथं कोळी आणि खलाशी यांची संगत लाभली, ती पुढं उपयोगी पडली. युद्ध संपल्यावर ग्लासगो विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेऊन १९२३ मध्ये एम. ए. झाले. पुढच्या वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि स्वारी अमेरिकेला गेली.

शिकागोमध्ये त्यांनी एक गोष्ट बारकाईनं पाहिली. देशोदेशीचे गरीब लोक पोटासाठी तिथं आलेले. धड इंग्रजी येत नाही, सरकार कसं चालतं ते ठाऊक नाही. पण वर्तमानपत्रातल्या सनसनाटी बातम्या आणि सिनेमा यांतून ते नव्या देशाच्या चालीरीती उचलत होते. त्या वेळी तिथल्या विद्वानांत वाद चालला होता, की राज्यकारभार इतका गुंतागुंतीचा झाल्यावर साध्या मतदाराला त्यातलं कळणार काय, आणि कळत नसेल तर लोकशाहीचा अर्थ काय. ग्रिअर्सन यांनी त्यावर स्वतःपुरतं उत्तर काढलं. कारभार कसा चालतो, आपलं अन्न, कोळसा, पत्र कुणाच्या हातून आपल्यापर्यंत येतं, हे माणसाला डोळ्यांनी दाखवा. पुस्तकाचं कंटाळवाणं ओझं नको. गोष्टीसारखं रंगवून दाखवा, पण माणसं खरी आणि काम खरं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या चित्रपटाबद्दल लिहिताना त्यांनी डॉक्युमेंटरी हा शब्द वापरला आणि तोच पुढं या जातीच्या चित्रपटांना चिकटला. आपण त्याला माहितीपट म्हणतो.

१९२७ मध्ये ते परत आले आणि एम्पायर मार्केटिंग बोर्ड या सरकारी मंडळात चिकटले. हे मंडळ म्हणजे एक प्रकारचा शेतमालाच्या विक्रीचा उद्योग. साम्राज्यातलं लोणी, लोकर, सफरचंद, चहा इंग्लंडच्या बाजारात खपावा म्हणून १९२६ मध्ये काढलेलं. त्याचे सचिव स्टीफन टॅलंट्स हे सनदी नोकर असले तरी डोकं मोकळं असलेले गृहस्थ. त्यांना ग्रिअर्सनची कल्पना पटली. पण अर्थखातं आडवं. सरकारी पैशातून सिनेमा कशाला, हा त्यांचा सवाल.

इथं जी युक्ती झाली ती ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत फाईल घेऊन फिरलेल्या कुणालाही पटकन कळेल. अर्थखात्यात त्या वेळी जे मंत्री मंजुरी द्यायला बसले होते, त्या आर्थर सॅम्युअल यांचा हेरिंग माशावर भारी जीव. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातीतला मासा. या साहेबांनी हेरिंगवर सबंध पुस्तक लिहिलं होतं. मग ठरलं, पहिला चित्रपट हेरिंगच्या मासेमारीवर. मंजुरी मिळाली. 'ड्रिफ्टर्स' या नावाचा तो चित्रपट १० नोव्हेंबर १९२९ रोजी लंडनच्या फिल्म सोसायटीत लागला, रशियाच्या आयझेनस्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'च्या जोडीला. उत्तर समुद्रात रात्री जाळी टाकणारे कोळी, पहाटे वादळात जाळं ओढणारे हात, मग बंदरातला लिलाव आणि मालगाडी. त्यात नट एकही नव्हता. तोवर विलायती सिनेमात कामकरी माणूस दिसला तर बहुधा हसवण्यापुरता दिसे. इथं तोच नायक होता.

यानंतर स्वतः दिग्दर्शन करायचा नाद त्यांनी जवळपास सोडला. पोरं गोळा केली. विद्यापीठातून नुकती बाहेर पडलेली, कॅमेऱ्याला कधी हात न लावलेली. पगार थोडा, काम अहोरात्र आणि साहेबाचा आवाज चढा. पण बेसिल राइट, हॅरी वॉट, आर्थर एल्टन ही माहितीपटातली मोठी नावं या तालमीतून निघाली.

१९३३ मध्ये मंदीच्या तडाख्यात सरकारनं मार्केटिंग बोर्डच गुंडाळलं. चित्रपट विभागाचं काय? टॅलंट्स यांची बदली टपाल खात्यात जनसंपर्क अधिकारी म्हणून झाली, आणि जाताना त्यांनी विभागही, फिल्मच्या संग्रहासकट, बरोबर नेला. बदली होताना कुणी साहेब आवडता शिपाई किंवा ड्रायव्हर नेतो. यांनी आख्खं सिनेमा खातं नेलं.

ब्रिटनचं टपाल खातं म्हणजे त्या काळी केवढा पसारा! पत्रं, पार्सलं, तार, टेलिफोन आणि बचत बँक, सगळं एकाच छपराखाली. गावोगावी त्याची खिडकी. तरी लोकांच्या मनात खात्याचं चित्र म्हणजे शाईचे डाग पडलेलं टेबल, रांग आणि खेकसणारा कारकून. टेलिफोन घ्यायला लोक पुढं येत नव्हते. तेव्हा खात्यालाही आपलं काम लोकांपुढं मांडायची गरज होतीच.

या विभागाचं सगळ्यांत गाजलेलं काम १९३६ चं, 'नाइट मेल'. हॅरी वॉट आणि बेसिल राइट यांनी ते केलं. रात्री लंडनहून स्कॉटलंडला निघणारी टपाल गाडी, एवढाच विषय. ही गाडी प्रवाशांसाठी नाही, डब्यात सगळे टपालवाले. आपल्याकडच्या आर. एम. एस.च्या डब्यात काम केलेल्या सॉर्टरला यातलं काही नवं वाटणार नाही. रात्रभर उभं राहून खणांत पत्रं टाकायची, जिल्हावार थैल्या बांधायच्या, आणि सकाळी डोळे चोळत उतरायचं. पण या गाडीची एक खासियत होती. लहान स्टेशनांवर ती थांबत नसे. रुळाच्या कडेला खांबावर चामड्यात बांधलेली थैली टांगलेली असे. डब्याच्या बाहेर जाळं उघडायचं आणि भरधाव गाडीनं थैली त्या जाळ्यात हिसकून घ्यायची. तसंच आतली थैली बाहेर टांगायची, ती खालच्या जाळ्यात पडे. वेळ चुकली तर थैली गेलीच समजा. अंधारात जागा कशी ओळखायची? दोन पूल गेले की रुळांच्या सांध्यांचे पंचेचाळीस ठोके मोजायचे, मग थैली बाहेर. चित्रपटात जुना माणूस नव्या पोराला हे शिकवतो. ते पाहताना घरबसल्या पत्र मिळणाऱ्या माणसाच्या पहिल्यांदा ध्यानात आलं, की आपल्या दीड पेनीच्या पाकिटामागं कुणीतरी रात्री ठोके मोजत उभा असतो.

त्यात काम करणारे खरे टपाल कर्मचारी होते. छाननीचा भाग मात्र चालत्या गाडीत घेणं अवघड, म्हणून लंडनजवळ ब्लॅकहीथच्या स्टुडिओत डबा उभारला. तो काही हलेना. मग सॉर्टर मंडळींना सांगितलं, गाडीत हलता तसं अंग डोलवा. नेहमीची सवय, पण मुद्दाम डोलायचं म्हटल्यावर ती बिचारी अवघडली. शेवटच्या भागासाठी डब्ल्यू. एच. ऑडन या तरुण कवीनं गाडीच्या चाकांच्या तालावर कविता लिहिली, आणि संगीत दिलं बेंजामिन ब्रिटन यांनी, तेव्हा जेमतेम बाविशीतला पोरगा. दोघेही पुढं इंग्लंडातले अव्वल दर्जाचे कवी आणि संगीतकार ठरले. सरकारी खात्याच्या प्रचारपटात असली माणसं कामाला लावणं हे ग्रिअर्सनच करू जाणे.

पोस्टातल्या बचत खात्याचा प्रचार करायचा होता तेव्हा कॉर्नवॉलच्या माउसहोल या कोळ्यांच्या गावी मंडळी गेली, आणि बोटीसाठी पै पै साठवणाऱ्या कोळ्याची गोष्ट तिथल्याच माणसांना घेऊन केली. त्यात मुख्य काम बिल ब्लेविट यांचं, आणि हे ब्लेविट त्या गावचे खरेखुरे पोस्टमास्तर. पार्सल स्वस्त झालं हे सांगायला लेन लाय या कलावंतानं तर कॅमेराच वापरला नाही. थेट फिल्मवर ब्रशनं रंग देऊन नाचत्या आकारांचा चित्रपट काढला. जाहिरातीची ओळ शेवटी तेवढी.

हे सगळं फुकट आणि बिनतक्रार चाललं होतं असं नाही. खासगी सिनेमावाल्यांनी ओरड केली, की आमच्याच करातून सरकार आमच्याशी स्पर्धा करतं. १९३४ मध्ये पार्लमेंटच्या खर्चतपासणी समितीनं विभागाचं काम उकरलं. टपालाचे पैसे टपालाच्याच विषयावर खर्चावेत, अशी तंबी मिळाली.

स्थानिक सिनेमाला आधार द्यायचा ब्रिटिश सरकारचा दुसराही एक मार्ग होता. हॉलिवुडच्या लोंढ्यापुढं देशी धंदा टिकावा म्हणून १९२७ मध्ये कायदा केला. थिएटरवाल्यांनी ठरावीक टक्के देशी चित्रपट लावलेच पाहिजेत, सुरुवातीला पाच, पुढं वाढत वीसपर्यंत. झालं काय, तर कोटा भरण्यापुरते स्वस्तातले, रद्दी चित्रपट भराभर निघू लागले. अनुदान लाटण्यापुरती कामं कशी उभी राहतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यातून चांगलंही काही निघालं, पण नाव बदनाम झालं ते झालंच. ग्रिअर्सन यांनी पैशाची दिशाच बदलली. सरकारनं धंद्याला कुबडी देण्यापेक्षा लोकांच्या उपयोगाच्या कामावर थेट पैसा घालावा, हा त्यांचा खाक्या.

१९३७ मध्ये त्यांनी टपाल खातं सोडलं. दुसऱ्या वर्षी कॅनडा सरकारनं बोलावलं. तिथं अंतर फार, वस्ती विरळ, भाषा दोन आणि थिएटरांत सगळा अमेरिकी माल. ग्रिअर्सन यांच्या अहवालावरून मे १९३९ मध्ये कायदा होऊन नॅशनल फिल्म बोर्ड स्थापन झालं आणि ऑक्टोबरात तेच पहिले फिल्म कमिशनर झाले. ऑटावा शहरात लाकूड कापायच्या एका जुन्या गिरणीत कचेरी थाटली. महायुद्ध सुरू झालं होतं. थोड्या वर्षांत शेकडो माणसं कामाला लागली. 'चर्चिल्स आयलंड' या त्यांच्या युद्धपटाला १९४२ मध्ये ऑस्कर मिळालं.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीनं या मंडळाचं मोठं काम वेगळंच. थिएटर नसलेल्या गावांसाठी १९४२ पासून त्यांनी फिरत्या फेऱ्या बांधल्या. एका माणसाकडं वीसेक गावं. गाडीत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, पडदा, रिळं आणि वीज नसेल तिथं जनरेटर. महिन्यातून एकदा प्रत्येक गावी मुक्काम. दिवसा शाळेतल्या मुलांना, रात्री मोठ्यांना, चर्चच्या किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये. बर्फात रस्ता बुजला तर घसरगाडीवर सामान लादायचं. युद्धाच्या बातम्या असत, शिवाय शेतीचं उत्पन्न, आरोग्य, सहकारी पतपेढी कशी काढतात असले विषय. आणि सिनेमा संपला की दिवे लावून चर्चा. आपल्या गावात पतपेढी निघेल का, दवाखान्याचं काय. युद्ध संपल्यावर सरकारनं या फेऱ्यांचा पैसा काढून घेतला, तेव्हा अनेक गावांनी आपल्या फिल्म कमिट्या केल्या आणि रिळं फिरती ठेवली. सरकारी योजना बंद झाल्यावर गावानं ती स्वतःच्या अंगावर घ्यावी, असं क्वचित घडतं. इथं घडलं, कारण त्यात गावाला बोलायला जागा होती.

आता दुसरी बाजू. सरकारच्या पैशावर केलेल्या सिनेमात सरकारला टोचेल असं किती येणार? 'नाइट मेल'मध्ये सॉर्टरचं कसब दिसतं, त्याचा पगार किती, रात्रपाळीनं तब्येतीचं काय होतं, ते कुठं येत नाही. झोपडपट्टीवर चांगला चित्रपट त्यांच्या मंडळींनी १९३५ मध्ये केला, पण पैसे गॅस कंपन्यांच्या संघाचे होते आणि नव्या घरांत गॅस लागणार होता. ग्रिअर्सन यांना हे ठाऊक होतं. पैसा देणाऱ्याच्या कुंपणाच्या आत राहून जेवढं सांगता येईल तेवढं सांगायचं, हा त्यांचा व्यवहार होता.

दुसरा आक्षेप कॅनडातलाच. मंडळ मोठं झालं, पण कॅनडाचा स्वतःचा कथापटांचा धंदा काही उभा राहिला नाही. हॉलिवुडशी त्यात बरोबरी करायच्या भानगडीत पडू नये, असाच ग्रिअर्सन यांचा सल्ला होता. कथापटांना सरकारी भांडवल मिळावं म्हणून तिथं वेगळं महामंडळ झालं ते थेट १९६७ मध्ये. लोकांना आपली गोष्टही पडद्यावर हवी असते, नुसती माहिती नको असते. ही बाब त्यांनी कमी लेखली, असं आमचं मत आहे.

युद्ध संपताच दैव फिरलं. १९४५ च्या सप्टेंबरात ऑटावातल्या रशियन वकिलातीचा एक कारकून हेरगिरीची कागदपत्रं घेऊन पळाला. चौकशीत ग्रिअर्सन यांच्या कचेरीत पूर्वी काम केलेल्या एका सेक्रेटरी बाईचं नाव निघालं. त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता, तरी १९४६ मध्ये चौकशी आयोगापुढं उभं राहावं लागलं. त्यांच्याविरुद्ध काही शाबीत झालं नाही. पण संशयाचा डाग बसला आणि अमेरिकेचं दार बंद झालं. ज्या माणसानं सरकारचं म्हणणं लोकांना पटवण्यात आयुष्य घातलं, त्याच्यावरच सरकारांचा भरवसा राहिला नाही.

मग पॅरिसला युनेस्कोत थोडा काळ, १९४८ पासून लंडनच्या सरकारी माहिती कचेरीत दोन वर्षं. १९५१ मध्ये सरकारी कर्जावर नव्या दमाच्या दिग्दर्शकांकडून कमी खर्चाचे कथापट काढायची ग्रुप थ्री नावाची कंपनी निघाली, तिचे ते एक प्रमुख. खाणीतल्या अपघातावरचा 'द ब्रेव्ह डोंट क्राय' नावाजला गेला, पण एकूण हिशेब तोट्याचा आणि १९५५ मध्ये कारभार आटोपला. नंतर स्कॉटलंडच्या टेलिव्हिजनवर त्यांनी जगभरचे माहितीपट दाखवणारा कार्यक्रम १९५७ पासून दहा वर्षं चालवला. मग मात्र घराघरात चेहरा ओळखीचा झाला.

आपल्याकडं त्यांची पद्धत पोचली ती महायुद्धात. १९४० मध्ये मुंबईत सरकारी फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड झालं, त्यावर ग्रिअर्सन यांच्या तालमीतले अलेक्झांडर शॉ विलायतेहून आले, आणि कोल्हापूरच्या मातीतले व्ही. शांताराम यांनीही या बोर्डाचं काम पाहिलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभं राहिलं. थिएटरच्या परवान्यातच सरकारी चित्रपट दाखवायची आणि त्याचं भाडं भरायची अट घातली गेली. तेच ते शेंगदाणे खायच्या वेळचे चित्रपट. ग्रिअर्सन यांच्या पद्धतीतला पडदा आपण घेतला, दिवे लावल्यावरची चर्चा बहुतेक ठिकाणी राहून गेली. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. कॅनडाचं बोर्ड अजून चालू आहे.

उतारवयात कॅनडानं त्यांना पुन्हा जवळ केलं. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात ते शिकवू लागले. वर्गात मुलांची गर्दी होई. १९७१ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते भारतातही येऊन गेले. कुटुंबनियोजनाच्या प्रचारात सिनेमा कसा वापरावा, हा विषय होता. मोठ्या शहरातून एकच चित्रपट सगळीकडं पाठवण्यापेक्षा लहान लहान तुकड्या करून काम करा, यावर त्यांचा भर होता.

१९ फेब्रुवारी १९७२ रोजी इंग्लंडात बाथ इथं त्यांचं निधन झालं. वय ७३. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं त्याप्रमाणं रक्षा समुद्रात सोडण्यात आली.